नाणी : उक्ती की सुटी?

जुन्या नाण्यांचा नाद लागलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन वर्षांतच एक प्रश्न गाठतो. एखाद्या मालिकेचा संच तयार मिळत असेल तर तो उक्ता घ्यावा, की एकेक नाणे पारखून, वेचून, सवडीने जमवावे? पुण्या-मुंबईच्या नाणेप्रदर्शनांत या प्रश्नावर चहा थंड होताना मी अनेकदा पाहिला आहे. बोलणे बहुधा पैशाच्या अंगाने चालते. ते चुकीचे नाही. पण नाणे हे इतिहासाचे साधन मानणाऱ्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते, आणि या लेखात मला मुख्यतः तिच्याविषयीच लिहायचे आहे.

आधी पैशाची बाजू उरकून घेतो. सहाव्या जॉर्जचे १९३८ ते १९४५ या काळातले चांदीचे रुपये घ्या. त्यातली बहुतेक वर्षे कोणत्याही सराफाच्या डब्यात सापडतील. अडतो तो १९३९चा रुपया. त्यानंतर १९४०मध्ये सरकारने रुपयातली चांदी साडेअकरा आण्यांवर नव्हे, थेट निम्म्यावर आणली. जुने अधिक चांदीचे रुपये लोकांनी दडवले, आटवले, आणि १९३९चा रुपया मुळातच विरळ. संच विकणारा दुकानदार हे पक्के जाणून असतो. त्याच्या संचाची किंमत या एका नाण्यावर उभी असते आणि बाकीची नाणी कशी आहेत याकडे आपले लक्ष जाऊ नये अशीच त्याची मांडणी असते. शिवाय ज्या नाण्याला भाव त्याच्याच नकला निघतात. माझे मत विचाराल तर अशा मालिकेत अवघड नाणे आधी, एकटे, भिंगाखाली पाहून आणि वजन करून घ्यावे. सोपी नाणी मागाहून येतातच.

टांकसाळीने पेटीत घालून विकलेल्या संचाचे उलट. १९६९च्या गांधी जन्मशताब्दीचा संच म्हणजे वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि ८० टक्के चांदीचा १५ ग्रॅमचा दहा रुपयांचा शिक्का. तो मूळ पेटीसह मिळाला तर फोडू नये. आरशासारख्या पृष्ठभागावर एकदा बोट उमटले की ते कायमचे. इथे विचार करण्यासारखे फारसे काही नाही, म्हणून पुढे जातो.

वरचे दोन्ही संच ‘रचलेले’ आहेत. कुणीतरी आधी यादी केली, मग त्या यादीत बसणारी नाणी एकत्र आणली. संचाचा दुसरा प्रकार म्हणजे ‘सापडलेला’ संच: कुणीतरी एका वेळी, आपल्या गरजेने, एका भांड्यात ठेवलेली आणि तशीच हाती लागलेली नाणी. आपण ‘निधी’ म्हणतो तो हाच. मराठी मुलखातले याचे सर्वात मोठे उदाहरण नाशिकजवळचे आहे.

गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी हे गाव आहे. तिथे १९०६मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५०. प्रत्येकी दोन ग्रॅमच्या आसपास धरले तरी पंचवीस किलोंहून अधिक चांदी झाली. सगळी नाणी क्षहरात राजा नहपान याची. एका बाजूला राजाचे मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत ‘राज्ञो क्षहरातस नहपानस’. यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता: तीन कमानींचा डोंगर, आपले नाव आणि उज्जयिनी चिन्ह. नाणी आटवून नवी पाडण्याचा खटाटोप त्याने केला नाही. जुन्यावरच नवा ठसा मारला, त्यामुळे पुष्कळ नाण्यांवर सातकर्णीच्या डोंगराखालून नहपानाचे नाक डोकावताना दिसते.

या निधीचा अभ्यास रेव्हरंड स्कॉट यांनी केला आणि तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला. त्याआधी नहपानाची नाणी फारच थोडी ज्ञात होती. क्षत्रपांच्या नाण्यांवर पायाभूत काम करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी १८८८मध्येच वारले होते. एवढी नाणी एकत्र पाहण्याचा योग त्यांच्या नशिबी नव्हता.

आता या १३,२५० नाण्यांचा रचलेला संच करायचा झाला तर किती नाणी लागतील? दोन. एक नहपानाचे कोरे आणि एक सातकर्णीच्या ठशाचे. प्रदर्शनातल्या फळीवर ती सुबक दिसतील, खाली चिठ्ठी लागेल, आणि संग्राहक समाधानाने पुढच्या राजवंशाकडे वळेल. पण त्या दोन नाण्यांत काय राहिले आणि काय गेले?

पहिली गोष्ट वाचनाची. ठसा नाण्याच्या चकतीवर क्वचितच नीट मधोमध बसतो. कुठे डावीकडची अक्षरे कापली जातात, कुठे उजवीकडची, त्यात पुनर्मुद्रणाने आणखी झाकली जातात. नहपानाच्या नाण्यांवरची ग्रीक अक्षरे तर ग्रीक न जाणणाऱ्या कारागिरांनी कोरल्यासारखी मोडकी आहेत. स्कॉट यांना तो लेख जुळवता आला तो शेकडो नाणी शेजारी ठेवून, एकीवरचे अर्धे अक्षर दुसरीवरच्या अर्ध्याशी जोडून. एकेकटे नाणे, कितीही सुंदर असले तरी, हे देऊ शकले नसते.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. नाव एकच, पण मस्तके एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा. नाक, हनुवटी, मानेची ठेवण, सगळेच बदलते. नाव नहपानाचे ठेवून घराण्यातल्या वेगवेगळ्या पुरुषांनी आपापले चेहरे कोरवले असावेत, असे स्कॉट यांनी सुचवले. मला ते पटत नाही. ठसे कोरणारे हात अनेक, काळ मोठा आणि नमुना एखादे जुने नाणे, एवढ्यानेही हा फरक पडू शकतो. मात्र हा वाद घालण्याची सोय निधीमुळेच झाली. ज्याच्याजवळ नहपानाचे एकच नाणे असेल त्याला राजाचा चेहरा ठाऊक झाल्यासारखे वाटेल, आणि तिथेच तो फसेल.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते, कारण ती एकाही नाण्यावर नाही. एवढ्या मोठ्या साठ्यात नहपानाखेरीज दुसऱ्या कुठल्याही राजाने पाडलेले नाणे नव्हते. नहपान आणि गौतमीपुत्र एकाच काळातले, की त्यांच्यामध्ये बरीच वर्षे गेली, हा वाद विद्वानांत दीर्घकाळ चालला. मध्ये दुसरे कुणी क्षत्रप या भागावर राज्य करून गेले असते, तर त्यांची चार नाणी तरी या चलनात मिसळली असती. ती नाहीत, म्हणून सातकर्णीने नहपानाकडूनच हा मुलूख घेतला, हा युक्तिवाद जोगलटेंभीच्या आधाराने उभा राहिला. नाशिकच्या लेण्यांतले लेख त्याला दुजोरा देतात. नहपानाचा जावई उषवदात याच्या ताब्यात असलेले शेत गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या वर्षी भिक्षूंना दिले, आणि गौतमी बलश्रीच्या लेखात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश उखडल्याचा अभिमान आहे. पण लेख हा जिंकणाऱ्याचा शब्द असतो. नाण्यांचा साठा कुणाची बढाई मारण्यासाठी पुरलेला नव्हता. ‘काय नाही’ हे कळायला ‘काय काय आहे’ याची पूर्ण यादी लागते. वेचलेल्या नाण्यांतून अभाव सिद्ध होत नाही, कारण वेचणाऱ्यानेच तो निर्माण केलेला असू शकतो.

प्रमाणाचेही तसेच. सत्तर टक्के नाण्यांवर नवा ठसा, तीस टक्के कोरी. म्हणजे नव्या राजाचा अंमल बसल्यावरही जुनी नाणी बाद झालेली नव्हती. पुरणाऱ्याने दोन्ही एकाच मोलाने सांभाळली. उषवदाताच्या नाशिकच्या लेखात सत्तर हजार कार्षापणांच्या दानाचा उल्लेख असून पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या हिशेबाने त्याचे दोन हजार सुवर्ण होतात, असा जमाखर्चही दिला आहे. ते कार्षापण म्हणजे हीच चांदीची नाणी मानली, तर आपला प्रचंड वाटणारा निधी त्या दानाच्या पाचव्या हिश्श्याइतकाही भरत नाही.

आज जोगलटेंभीची नाणी देशोदेशीच्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत विखुरलेली आहेत. याला कायद्याचाही हात लागतो. १८७८च्या निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला निधी सापडला तर कलेक्टरला कळवावे लागते. निधीवर कुणाचा जुना हक्क ठरला नाही आणि शोधणारा व जमिनीचा मालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला. सरकारने निधी घ्यायचे ठरवले तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग. म्हणजे ज्या कायद्याने निधी उजेडात येतो त्यातच त्याचे तुकडे करण्याची तरतूद आहे, आणि मोबदला मुख्यतः वजनावर. शेतकऱ्याला कचेरीपेक्षा सोनाराची मूस जवळची का वाटते, हे समजायला फार विचार करावा लागत नाही.

रचलेला संच मात्र इतिहासाला निरुपयोगी, असा याचा अर्थ काढू नये. नहपानानंतरच्या कार्दमक क्षत्रपांचेच पाहा. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचे आणि त्याच्या बापाचे नाव व पदवी असते, आणि पुढच्या काळात मस्तकामागे शक वर्षही येते. दोनशे वर्षांची नाणी वर्षवार मांडत गेले की कोण केव्हा क्षत्रप होता आणि केव्हा महाक्षत्रप झाला हे दिसू लागते. गादी बापाकडून मुलाकडे जाण्याऐवजी भावाभावांत फिरत असे, ही त्या घराण्याची रीत अशा मांडणीतूनच कळली. इथे एकेक नाणे वर्ष पाहून वेचणारा संग्राहक खरोखर इतिहासाचेच काम करतो. नाण्यावरच काळ लिहिलेला असेल तर सुटे नाणेही साक्ष देते. तो लिहिलेला नसेल, तर त्याच्या शेजारची नाणी हीच त्याची साक्ष.

आपल्या शिवराईवर काळ लिहिलेला नाही. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका घरातला तांब्याभर पैसा माझ्यासमोर आला तेव्हा हा सगळा विचार कामी आला. तो पुरलेला नव्हता, देवघरातल्या फडताळात पिढ्यान्‌पिढ्या होता. घरातल्या आजींचे म्हणणे, ‘गुरुजी, हे महाराजांच्या वेळचं आहे, आमच्या सासूबाई सांगायच्या.’ त्यांच्या मुलाने आधी एका व्यापाऱ्याला दाखवले होते. व्यापाऱ्याने स्वच्छ अक्षरांच्या सहा शिवराया बाजूला काढून त्यांचा चांगला भाव सांगितला. उरलेला पैसा तांबटाच्या भावाने. मला सगळा घ्यायचा तर त्या सहांच्या भावासह उरलेल्यांचाही मोबदला द्यावा लागणार होता आणि त्या उरलेल्यांना बाजारात गिऱ्हाईक नाही. मी तांब्यासह उक्ता घेतला. घेण्यापूर्वी त्याच घरात, आजींसमोर, सगळी नाणी मोजून यादी केली.

एकूण ८३ नाणी. ५८ शिवराया, त्यातल्या १७ दुदांडी. १४ कंपनीचे तराजूछाप पैसे. ९ कंपनीचे १८३५चे पाव आणे. दोन पार गुळगुळीत. राणीच्या नावाचा १८६२चा पाव आणा एकही नाही. तेव्हा तांब्यात शेवटची भर पडली ती १८३५ नंतर, आणि बहुधा राणीचा पैसा खेडोपाडी पोचण्यापूर्वी. ८३ नाण्यांवरून असा अभावाचा दाखला देणे जोगलटेंभीइतके भक्कम नाही, कुणी मधेच चार पैसे काढूनही घेतले असतील. तरी पेशवाई बुडून पंधरा-वीस वर्षे झाल्यावरही या घरात शिवराई आणि कंपनीचा पैसा एकत्र सांभाळला जात होता, एवढे नक्की. वेचलेल्या सहा शिवरायांवरून हे कळले नसते. आजींच्या सासूबाईंचे म्हणणेच खरे धरून चालावे लागले असते. मी हे आजींना सांगितले तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आमच्या सासूबाईंच्या सासूबाईंचं असेल.’ हिशेबाने ते बरोबर बसते.

वजनाचीही एक गंमत निघाली. कंपनीचा पाव आणा शंभर ग्रेनचा, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आत. तांब्यातल्या बहुतेक शिवराया झिजूनही आठ ग्रॅमच्या वर आहेत. जड तांबे फडताळात आणि हलके बाजारात, हा घरोघरीचा व्यवहार असणार.

या ५८ शिवरायांपैकी एकीवरही ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ हा दोन्ही बाजूंचा लेख पुरता नाही. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे हे नेहमीचेच. पण पाच नाणी एकाच ठशाची निघाली. त्यांच्या रेखाकृती पातळ कागदावर काढून एकमेकांवर ठेवल्या तेव्हा मागच्या बाजूचा शब्द पूर्ण झाला, आणि त्यातली शेवटची वेलांटी दीर्घ आहे. ते ‘ती’ ज्या नाण्यावर उमटले आहे ते व्यापाऱ्याने तांबटाच्या ढिगात टाकलेल्यांपैकी होते.

दोन गुळगुळीत नाण्यांपैकी एकावर तिरपा उजेड पाडला की तराजूचे एक पारडे दिसते. दुसऱ्यावर अजून काही दिसलेले नाही. यादीत त्याची नोंद ‘क्रमांक ८३, तांबे, ७.९ ग्रॅम’ अशी आहे आणि ते इतर ८२ नाण्यांबरोबर त्याच तांब्यात आहे.