पागडी, पावती आणि करार

मुंबईत भाड्याचे घर पाहायला गेलेला माणूस घरमालकाला आधी काय विचारतो, यावरून तो कोणत्या काळातला हे बहुधा ओळखता येते. ‘पागडी किती?’ हा एका काळाचा प्रश्न, ‘करार किती महिन्यांचा?’ हा दुसऱ्या. दोन्ही प्रश्न भाडेकरूंना कायद्याने शिकवले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईत भाडेवाढीला आळा घालणारा पहिला कायदा आला. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदाही मुळात तात्पुरताच होता. मुदतवाढ मिळवत तो शतक संपेपर्यंत टिकला. त्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधून टाकले. भाड्यातून हाती फारसे काही लागेना, तेव्हा मालक जागा देतानाच मोठी रक्कम मागू लागले. ही पागडी घेणे कायद्याने गुन्हा होता. म्हणूनच ती हातोहात, कागदावाचून दिली जाई. राहता राहिला एकच कागद, भाड्याची पावती. ती देणे मालकावर बंधनकारक होते. तिच्यावरची रक्कम क्षुल्लक असे. पण जागेवरचा हक्क तिच्यावरच्या नावावर तोलला जाई. त्यामुळे जाणता भाडेकरू रकमेपेक्षा ‘पावती कुणाच्या नावाने फाडणार?’ हे आधी विचारी. ज्याच्या नावाची पावती नाही तो पोटभाडेकरू, मग तो वीस वर्षे तिथे राहिलेला का असेना. चाळीवरच्या मराठी वाङ्मयात शेजार, नळ, जिना, गॅलरी हे सारे भरभरून येते. ही पावती मात्र त्या मानाने क्वचितच दिसते. मला ती उणीव वाटते, कारण त्या शेजाराचे आयुष्यमान तिच्यावर अवलंबून होते.

भाडेकरूला काढता येत नाही म्हटल्यावर मालकांनी शब्दच बदलला. भाडे नव्हे, ‘लीव्ह अँड लायसन्स’. म्हणजे हक्क नव्हे, राहण्याची केवळ परवानगी. १९७३ च्या दुरुस्तीने त्यावर्षी १ फेब्रुवारीला अशा चालू करारावर राहणाऱ्यांना भाडेकरूच मानले. कायद्याची ही दयाबुद्धी पुढच्या गरजूंना महागात पडली, असे माझे मत आहे. भाडेकरू होऊन बसेल या धास्तीने जागा कुलूपबंद ठेवणे मालकांना परवडू लागले.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि परवानगीच्या कराराला मालकाच्या बाजूने बळ दिले. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. पण त्याच कायद्याचे ५५ वे कलम भाडेकरूने वाचून ठेवावे असे आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?’ हे उत्तर इथे चालत नाही. अनामत किती, ती केव्हा परत मिळणार, सोसायटीची देखभाल कोण भरणार, हे प्रश्न अर्थातच आहेत. पण त्यांची उत्तरे कागदावर आली नाहीत तर ती तोंडी पागडीइतकीच निसरडी.

हे सारे विचारण्याची पाळी मात्र प्रत्येकावर येतेच असे नाही. त्याआधी मालकच विचारतो: ‘आडनाव काय? खाता काय?’ भाडे, मुदत, पावती, नोंदणी या सर्वांना कायद्याने हात घातला. हा प्रश्न तेवढा मोकळा राहिला. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांची नावे आहेत. भाड्याने द्यायच्या खासगी घराचे नाव नाही.

संविधानाचा मसुदा करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना हा प्रश्न परका नव्हता. परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास गेले. हिंदू खाणावळीत थारा मिळणार नाही हे ओळखून ते पारशी उतारगृहात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे ठाकले आणि जागा सोडणे भाग पडले. मग त्यांनी दोन मित्रांना, एका हिंदूला आणि एका ख्रिस्ती गृहस्थाला, आसरा देता का, असे विचारले. पहिला म्हणाला, माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याला पत्नीला विचारायचे होते. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. तोवरचे पाच तास त्यांनी कमाठी बागेत काढले.