स्प्रॉकेट बदल (स्पोर्ट मोटरसायकल)

चेनने चालणाऱ्या मोटरसायकलचा पुढचा किंवा मागचा स्प्रॉकेट कमी-जास्त दात्यांचा बसवून गाडीचा पिकअप आणि वेग यांचा मेळ बदलण्याची पद्धत. पुढचा, लहान स्प्रॉकेट गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दंडावर असतो. मागचा, मोठा स्प्रॉकेट मागच्या चाकाच्या हबवर. मागच्या दात्यांना पुढच्या दात्यांनी भागले की अंतिम गुणोत्तर मिळते. ते वाढवले की प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकाची ओढ वाढते आणि त्याच आरपीएमला मिळणारा वेग घटतो. इंजिनची ताकद यात रतीभरही वाढत नाही. ती कोणत्या वेगाला हाताशी यावी, एवढेच ठरवता येते.

कावासाकीची निंजा झेडएक्स-६आर ही ६३६ सीसीची चार सिलिंडरची गाडी याचे उत्तम उदाहरण आहे, कारण तिच्यावर हा बदल खुद्द कंपनीनेच केला. २०१३ च्या आवृत्तीत पुढे १६ आणि मागे ४३ दाते होते, म्हणजे गुणोत्तर २.६८८. २०१९ च्या आवृत्तीत पुढचा स्प्रॉकेट १५ दात्यांचा झाला आणि गुणोत्तर २.८६७ वर गेले. एका दात्याने मागच्या चाकाची ओढ सुमारे ६.७ टक्के वाढली, तर त्याच आरपीएमचा वेग ६.२५ टक्के घटला. सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० किमी वेगाला इंजिन आधी साधारण ५,६०० आरपीएमवर फिरत असे, आता ते ६,००० च्या जवळ फिरते. पहिल्या गिअरची धाव १६,००० आरपीएमला सुमारे १३० किमीपर्यंत जात होती, ती १२२ किमीवर संपते. अशा इंजिनाची कमाल ताकद १३,५०० आरपीएमच्या आसपास असते आणि रोजच्या रस्त्यावर तिथवर पोचण्याची वेळ क्वचितच येते. त्यामुळे या एका दात्याचा फरक चालवणाऱ्याला पहिल्याच ओव्हरटेकला जाणवतो.

मुळात कंपन्या गुणोत्तर इतके कमी का ठेवतात? इंजिन कमी आरपीएमवर फिरले तर आवाज, धूर आणि इंधन यांच्या चाचण्यांना सोयीचे जाते आणि लांबच्या प्रवासात कंपने कमी जाणवतात. कमाल वेगाचा आकडाही मोठा दिसतो. ही कारणे रास्तच आहेत. मात्र घाटात, शहरात किंवा लहान ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्याची गरज वेगळी असते.

पुढचा एक दात कमी करणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. वरच्या गाडीत त्याचा परिणाम मागचे जवळजवळ तीन दाते वाढवण्याइतका होतो. चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या पहिल्या पिढीत १५ आणि ४५ दात्यांची जोडी होती. तिथे पुढे १४ दाते बसवले तर गुणोत्तर ३.००० वरून ३.२१४ होते, मागे ४८ बसवले तर ३.२००. हिशोबात फरक नगण्य असला तरी यंत्राच्या दृष्टीने दोन्ही मार्ग सारखे नाहीत. लहान स्प्रॉकेटवर चेनची प्रत्येक कडी जास्त कोनात वाकते, त्यामुळे पिना आणि दाते लवकर झिजतात. चेन गोल फिरत नाही, बहुभुजाच्या कडांवरून फिरते. दाते कमी होतात तशी तिच्या वेगातली ठेच वाढते. शिवाय चेन मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या रबरी पट्टीवर जास्त घासू लागते. म्हणून पुढचा एक दात कमी करून गाडीचा स्वभाव तपासावा आणि अजून हवेसे वाटले तर मागे वाढवावे, हा क्रम शहाणपणाचा. पुढचे दोन दाते काढण्याचा मोह टाळलेलाच बरा.

चेनचे माप बदलायचे की नाही, हा पुढचा प्रश्न. ५२०, ५२५, ५३० या आकड्यांतला पहिला ५ म्हणजे दोन पिनांमधले अंतर, पाच-अष्टमांश इंच अर्थात १५.८७५ मिमी. पुढचे दोन आकडे चेनची आतली रुंदी सांगतात : ५२० ची पाव इंच, ५३० ची तीन-अष्टमांश. शर्यतीत अनेक जण ५२५ किंवा ५३० काढून ५२० चेन आणि त्याच मापाचे दोन्ही स्प्रॉकेट बसवतात. फिरणारे वजन कमी होते, पण त्या बदल्यात आयुष्यही कमी होते. लहान गाड्यांवर दिसणारी ४२८ चेन अर्ध्या इंचाची असते. तिच्यावर ५२० चा स्प्रॉकेट चालत नाही.

गुणोत्तर वाढवले म्हणजे गाडी प्रत्येक वेगाला जोरात पळेल, ही समजूत चुकीची आहे. एकाच गिअरमध्ये ओढ नक्की वाढते, पण तो गिअर लवकर संपतो. जुन्या गुणोत्तराची गाडी जिथे अजून दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १६० किमीला ओढत असते, तिथे नवी तिसरा टाकून बसलेली असते. त्या पट्ट्यात जुनीच सरस ठरते. लिटरभर क्षमतेच्या गाड्यांत तर पहिल्या गिअरची मर्यादा इंजिन नसून पुढचे चाक उचलले जाणे ही असते, मग तिथे ओढ वाढवून हाती काही लागत नाही. पाव मैल म्हणजे ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतीत, जशी ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये होई, रेषेच्या जरा अलीकडे एक जादा गिअर टाकावा लागला तर वाढवलेले गुणोत्तर वेळ खाते. कमाल वेगाचेही असेच. मूळ गुणोत्तर इतके कमी असेल की वाऱ्याच्या रोधामुळे सहाव्या गिअरमध्ये इंजिन कमाल ताकदीपर्यंत पोचतच नसेल, तर ते थोडे वाढवल्याने कमाल वेग घटण्याऐवजी वाढतो.

म्हणूनच शर्यतीत स्प्रॉकेट ट्रॅकगणिक निवडतात. कोइंबतूरच्या सुमारे २.१ किमीच्या कारी मोटर स्पीडवेवर सरळ पट्टे आखूड आहेत. तिथे मोठे गुणोत्तर शोभते. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली ते ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट सुमारे पाच किमी लांब, आणि त्याचा मागचा सरळ पट्टा एक किमीच्या वर; तिथे तेच गुणोत्तर इंजिनाला लिमिटरवर नेऊन आपटेल. अनुभवी पथके आणखी एक गोष्ट साधतात. तेच गुणोत्तर वेगवेगळ्या जोड्यांनी मिळते, पण लहान पुढच्या स्प्रॉकेटमुळे चेनची वरची रेषा स्विंगआर्मच्या पिव्होटजवळ येते आणि थ्रॉटल उघडताना गाडीचा मागचा भाग कमी बसतो. वळणातून बाहेर पडताना पुढचे टायर रेषा सोडत असेल, तर हा उपाय सस्पेन्शनला हात न लावता करता येतो.

बसवण्याच्या कामात घाई नको. पुढच्या स्प्रॉकेटचे नट जुनी चेन जागेवर असताना आणि मागचा ब्रेक दाबून धरलेला असतानाच सैल करावे. चेन काढल्यावर दंड धरायला काही उरत नाही. लॉक वॉशरचा दुमडलेला कान आधी सरळ करावा, आणि बसवताना वॉशर नवा घालावा. पुढचा एक दात कमी झाला की चेन अर्ध्या कडीइतकी मोकळी होते, आणि ताण राखायला चाक जवळजवळ ४ मिमी मागे घ्यावे लागते. मागे तीन दाते वाढवले तर ते १२-१३ मिमी पुढे येते. ॲडजस्टरमध्ये तेवढी जागा नसेल तर लांब चेनच हवी. चाक पुढे आले की व्हीलबेस घटतो, गाडी वळणात चपळ होते आणि पुढचे चाकही सहज उचलते. चेनची ढील सर्वांत ताठ जागी मोजावी, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते.

जुन्या चेनवर नवा स्प्रॉकेट ही खोटी बचत आहे. मागच्या स्प्रॉकेटवर, अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. वापरलेल्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला झुकून अणकुचीदार झालेले दिसतात. असा संच पूर्ण बदलावा, आणि ताकदवान गाडीवर चेन जोडणारी मास्टर लिंक क्लिपची न वापरता रिव्हेट केलेलीच वापरावी.

वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला असेल तर स्पीडोमीटर खरा वेग न दाखवता वाढीव वेग दाखवतो. झेडएक्स-६आरसारखा एक दात कमी केला तर ताशी १०० किमीला काटा १०६-१०७ वर जाईल, आणि ओडोमीटरही त्याच प्रमाणात जास्त किलोमीटर मोजेल. सेन्सरचा संकेत दुरुस्त करणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण बाजारात मिळते. सेन्सर चाकावर असेल तर आकडे बिघडत नाहीत. मात्र आरपीएम आणि चाकाचा वेग यांच्या प्रमाणावरून गिअर ओळखणाऱ्या गाड्यांत गिअरचा आकडा चुकू शकतो. वॉरंटीत असलेल्या गाडीवर हा बदल करण्याआधी कंपनीच्या अटी वाचाव्यात. मूळ स्प्रॉकेट तेल लावून जपून ठेवावा : लांबच्या हायवे प्रवासाला निघताना तोच परत बसवणारे चालक बरेच आहेत.