मारिओ न जिंकलेल्यांचा इतिहास

संशोधनाचा पहिला प्रश्न चुकीचा निघाला की पुढचं सगळं घसरतं, हे आपण मेथडॉलॉजीच्या पेपरात लिहून मार्क मिळवतो. माझा प्रश्न कुठे चुकला ते मला काकूने दाखवून दिलं, तेही चहाला उठता उठता.

माझा विषय आहे घरातला व्हिडिओ गेम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा, आणि काळ १९८० ते २०००. मुलाखतींचा सराव म्हणून सुरुवात घरातूनच केली. रेकॉर्डर लावला आणि विचारलं, "काकू, मारिओमध्ये तू कितव्या स्टेजपर्यंत जायचीस?" काकू म्हणाली, "अगं, मला कुठे यायचं खेळायला? पोरंच खेळायची. मी आपली दुपारी जरा..." आणि तिथेच थांबली. दूध उतू जातंय म्हणून उठली ती पुन्हा त्या विषयावर आलीच नाही. रेकॉर्डिंग एक मिनिटाच्या आत संपलं. ते "मी आपली दुपारी जरा" मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

ती बोलत होती तो गेम म्हणजे सुपर मारिओ ब्रदर्स. १३ सप्टेंबर १९८५ रोजी तो जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिली कॉम्प्युटर या कन्सोलसाठी आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो घडवला, संगीत कोजी कोंदो यांचं. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस स्टेज. आणि हे सगळं ४० किलोबाइटमध्ये बसवलेलं. आज व्हॉट्सअॅपवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा बहुधा याहून जड असतो. उड्या मारत एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जायचं, म्हणून या प्रकाराला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. मियामोतोंचाच १९८१ चा डाँकी काँग हा त्याचा आधीचा गाजलेला नमुना, पण तो आर्केडमधला, नाणं टाकून खेळायचा. मारिओ घरातल्या टीव्हीवर आला. आपल्याकडे १९९० च्या दशकात तो मुख्यतः या कन्सोलच्या नकलांवर पोचला. त्या यंत्रावर नाव काहीही असो, घरात त्याला "व्हिडिओ गेम"च म्हणत, आणि कार्ट्रिजला "कॅसेट". कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हे ज्ञान कुठल्याही मॅन्युअलशिवाय घरोघरी पोचलेलं होतं.

आता साधनांकडे बघा. या गेमच्या खेळाडूंबद्दल काय उरलंय? विक्रमांच्या याद्या आहेत. अमेरिकेत ट्विन गॅलेक्सीज ही संस्था १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून व्हिडिओ गेममधले उच्चांक नोंदवते. निन्टेन्डो पॉवर हे नियतकालिक १९८८ ते २०१२ या काळातलं. जपानमध्ये तर या एका गेमची वाट दाखवणारं पुस्तक १९८५-८६ च्या सुमारास देशातल्या सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांपैकी एक होतं. आणि आता इंटरनेटवर, कमीत कमी सेकंदांत गेम संपवणाऱ्यांचे व्हिडिओ. म्हणजे कागद भरपूर आहे, पण तो जवळजवळ सगळा जिंकणाऱ्यांचा किंवा जिंकू पाहणाऱ्यांचा. कधीतरी, सहज, हात मोकळे आहेत म्हणून खेळणारा, ज्याला इंग्रजीवरून आपण कॅज्युअल गेमर म्हणतो, तो यात नाही.

तो नसण्याचं एक कारण यंत्रातच आहे. १९८५ च्या त्या कॅसेटमध्ये काहीही साठवण्याची सोय नव्हती. वर टॉप स्कोअर दिसतो खरा, पण बटण बंद केलं की तोही पुसला जातो. रोज संध्याकाळी पुसली जाणारी पाटीच म्हणा ना. सुरुवातीला तीन लाइफ मिळत. त्या गेल्या की गेम ओव्हर आणि पुन्हा पहिल्या जगाची पहिली स्टेज. वास्तविक एक युक्ती होती. गेम ओव्हर झाल्यावर 'ए' दाबून ठेवून 'स्टार्ट' दाबलं की ज्या जगात मेलात त्याच जगाच्या आरंभापासून सुरू करता येई. पण स्क्रीनवर ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. हातात नकली कन्सोल आणि मॅन्युअल नसलेली कॅसेट असताना हे कळणार कसं? त्यामुळे पुस्तकातला गेम बत्तीस स्टेजचा असला, तरी सहज खेळणाऱ्याचा गेम चार-पाच स्टेजचाच असावा, असं माझं अनुमान आहे.

दोघांनी खेळायचं म्हटलं तरी तेच. पहिला मारिओ, दुसरा लुइजी, पण दोघं एका वेळी खेळत नाहीत. एकाचा डाव गेला की दुसऱ्याची पाळी. ज्याला चांगलं येतं तो लवकर मरत नाही, म्हणजे रिमोट त्याच्याकडेच राहतो. ज्याला येत नाही तो तासभर बघत बसतो आणि पाळी आली की पहिल्याच खड्ड्यात पडतो. घरात धाकटी बहीण नेहमी लुइजी का असायची, याचं उत्तर फक्त दादागिरीत नाही, काही अंशी गेमच्या रचनेतही आहे.

ज्यांनी स्वतः कागद मागे ठेवला नाही त्यांचा इतिहास कसा लिहायचा, हा प्रश्न आपल्या विषयात जुनाच. रणजित गुहांनी १९८३ च्या पुस्तकात वसाहतकाळातल्या शेतकरी उठावांसाठी सरकारी कागद उलट्या बाजूने वाचले: बंडखोराने लिहिलं नाही, पण त्याला घाबरलेल्या अधिकाऱ्याने लिहिलं, तर त्या भीतीतून बंडखोर शोधायचा. काकूची तुलना मी बंडखोरांशी करत नाहीये, गाईड मॅडमनी ते वाक्य प्रपोजलमधून लाल पेनाने आधीच उडवलंय. पण पद्धत उसनी घेता येते. खेळाडूने काही लिहिलं नसेल, तर त्याच्यासाठी जे बनवलं गेलं ते वाचायचं.

आणि पहिली स्टेज, म्हणजे १-१, हा या दृष्टीने विलक्षण दस्तऐवज आहे. आधी पुढचे टप्पे तयार करून सुरुवातीची स्टेज नंतर बनवली, असं मियामोतोंनी पुढे मुलाखतींत सांगितलंय. प्रबंधाची प्रस्तावना शेवटी लिहितात तसं. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे जायचं कुठे ते न सांगता कळतं. थोडं पुढे प्रश्नचिन्हाची चमकणारी पेटी आणि समोरून चालत येणारा तो तपकिरी, भुवया आक्रसलेला प्राणी. न उडी मारता त्याला भिडलात तर मेलात, पण गमावलं काय? दोन-चार सेकंदांचा खेळ. पुढच्या पेटीतून मशरूम निघतं. ते उजवीकडे जातं, पाइपला आपटून परत तुमच्याकडे येतं. नवख्याला वाटतं हाही शत्रूच, म्हणून तो उडी मारायला जातो, तर डोक्यावरच्या विटांना धडकून बहुतेक वेळा मशरूमवरच पडतो. मारिओ मोठा होतो. भीती वाटली तीच वस्तू चांगली निघाली, हे एक अक्षरही न लिहिता शिकवलं गेलं. शेवटाकडे दोन समोरासमोरच्या पायऱ्या येतात, मधली जमीन भरलेली. लगेच तशाच दोन पायऱ्या, पण मध्ये खड्डा. पहिल्या जोडीत चुकलात तर काही होत नाही. दुसरी खरी परीक्षा.

हे सगळं कुणासाठी? ज्याला पुढच्या स्टेज सहज जमणार होत्या त्याला याची गरजच नव्हती. १-१ मधली प्रत्येक वीट एका अडखळणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून रचलीय. तो माणूस कागदावर नाही, पण त्याची मापं इथे आहेत. शिंप्याने शिवलेला सदरा हाती लागावा आणि अंगात घालणारा मात्र सापडू नये, तसं.

कंपनीलाही हा माणूस कायम आठवत होता असं नाही. १९८६ मध्ये जपानात आलेला पुढचा भाग पट्टीच्या खेळाडूंसाठी होता, त्यात मशरूमसुद्धा विषारी निघू शकतं. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेला तो फार अवघड वाटला, म्हणून १९८८ मध्ये तिकडे दुसऱ्याच एका गेममध्ये पात्रं बदलून "मारिओ २" विकला गेला. अवघड भाग तिकडे पोचला १९९३ च्या संग्रहात, तोही प्रगती साठवण्याची सोय जोडून.

नंतरचा पुरावा त्याहून थेट आहे. २००९ च्या न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी मध्ये एकाच स्टेजमध्ये आठ वेळा मेलात की एक हिरवी पेटी दिसते. तिचं नाव सुपर गाईड. ती फोडली की लुइजी तुमच्यासाठी ती स्टेज खेळून दाखवतो, आणि वाटलं तर तुम्ही तशीच पुढे जाऊ शकता. (आठ ड्राफ्ट नापास झाल्यावर असा गाईड कुणाला मिळाला असेल तर कृपया कळवावं.) गंमत सोडा, तो आठ आकडा हा पुरावा आहे. सामान्य माणूस किती वेळा मरून मग रिमोट खाली ठेवतो, याबद्दल बनवणाऱ्यांचा एक अंदाज त्यात गोठलेला आहे. २०२३ च्या सुपर मारिओ ब्रदर्स वंडरमध्ये योशी आणि नॅबिट या पात्रांना शत्रूमुळे इजाच होत नाही, खड्ड्यात पडले तर मात्र डाव जातो. अडतीस वर्षांत सहज खेळणाऱ्यासाठीचं दार लपलेल्या बटणांतून थेट पात्र निवडण्याच्या स्क्रीनवर आलं.

इथे मी जवळजवळ फसले होते. ही साखळी इतकी छान जुळत होती की प्रकरण लिहून टाकावंसं वाटलं. पण ही साधनं खेळाडूबद्दल नाहीतच, बनवणाऱ्याच्या मनातल्या खेळाडूबद्दल आहेत. तो अडखळतो, पण त्याला पुढे जायचं असतं, हे त्यांनी गृहीत धरलंय, आणि "कितव्या स्टेजपर्यंत?" असं विचारताना मीही तेच गृहीत धरलं होतं. येस्पर यूल या अभ्यासकाने २०१० च्या आपल्या पुस्तकात कॅज्युअल खेळाडू म्हणजे कमी वेळ देणारा आणि अवघड काही न झेपणारा, या समजुतीला धक्का दिला होता. मी ते वाचलं होतं, टिपणंही काढली होती. प्रश्नावली करताना सोयीस्कर विसरले.

दिवाळीत पुन्हा काकूकडे गेले. या वेळी विचारलं, "दुपारी रिमोट हातात आला की आधी काय करायचीस?"

चाळीस मिनिटं बोलली. पोरं शाळेत, जेवणं आटोपलेली, काका ऑफिसात. पहिल्या स्टेजमध्ये चौथा पाइप आहे, त्यावर उभं राहून खालचं बटण दाबलं की मारिओ आत उतरतो. जमिनीखालची खोली, शत्रू नाही, खड्डा नाही, नुसती नाणी. (एकोणीस आहेत, मी मोजली.) ती सगळी गोळा करायची आणि बाहेर पडायचं. बाहेर पडलं की निशाणाजवळच येतो आपण, मागे जाता येत नाही, कारण या गेममध्ये स्क्रीन डावीकडे सरकतच नाही. "मग?" "मग काय, रीसेट." आणि पुन्हा तोच पाइप. किल्ला, राजकन्या यांच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. घड्याळातले ४०० आकडे म्हणजे खरं तर अडीच-पावणेतीन मिनिटं, पण तिला पुरेसे होते. रेंगाळलं तर "बाजा घाईला यायचा" हे तिला अजून आठवतं. वेळ १०० च्या खाली गेला की संगीत खरंच जलद होतं.

ज्या स्टेजची प्रत्येक वीट माणसाला उजवीकडे ढकलते, तिथे काकू रीसेटचं बटण वापरून मागे जात होती. १-१ हा दस्तऐवज मी कितीही बारकाईने वाचला असता तरी त्यात हे सापडलं नसतं.

ही एकच साक्ष आहे, तीस वर्षांनंतरची, घरातल्या माणसाची, आणि मला काय ऐकायचंय याचा अंदाज तिला आला असणारच. प्रकरणात ती कुठे आणि किती वजनाने ठेवायची, यावर मॅडमशी अजून बोलणं चालू आहे. तोवर प्रश्नावलीतून "कितव्या स्टेजपर्यंत" काढून टाकलंय. मुलाखत संपल्यावर काकूने संमतिपत्र शांतपणे वाचलं, सही केली, आणि "व्हिडिओ गेम खेळण्याचा अनुभव" या रकान्यात लिहिलं: नाही. मी ते तसंच ठेवलंय.