पिस्तुलाची बोअर आणि काडतुसांचा हिशेब : खानदेशच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

खानदेशातील सशस्त्र स्वातंत्र्यचळवळीविषयी जे लेखन उपलब्ध आहे, त्यात व्यक्तींचे धैर्य, त्याग आणि तुरुंगवास यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळाले आहे. शस्त्राचा उल्लेख येतो तो बहुधा 'पिस्तूल' एवढ्या एकाच शब्दात. ते कोणत्या बोअरचे होते, त्याला कोणते काडतूस लागत असे, ते कोठून व किती मिळत असे, हे प्रश्न गौण मानले गेले. वस्तुतः पिस्तूल ही एकदा करावयाची खरेदी असते, काडतूस मात्र पुन्हा पुन्हा लागते. म्हणून शस्त्राची निवड करताना गोळीच्या ताकदीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, काडतुसाच्या उपलब्धतेचा व किमतीचा विचार करावा लागतो. हा विचार क्रांतिकारकांना करावा लागला, ब्रिटिश लष्करालाही करावा लागला आणि आजच्या परवानाधारकासही तो चुकलेला नाही. प्रस्तुत लेखात जळगाव-धुळे परिसरातील काही घटनांच्या आधारे या बाबीचा परामर्श घेतला आहे.

मोठी गोळी की हलकी गोळी?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कमरेला वेबली कंपनीचे रिव्हॉल्व्हर असे. १८८७ पासून लष्कराने स्वीकारलेल्या या शस्त्राचे .४५५ बोअरचे काडतूस संथ गतीचे, परंतु जड शिशाच्या गोळीचे होते. समोरून धावत येणारा माणूस एका गोळीत थांबला पाहिजे, ही त्यामागील कल्पना वसाहतींतील चकमकींतून आली होती. अमेरिकन सैन्यालाही फिलिपाइन्समध्ये .३८ बोअरच्या रिव्हॉल्व्हरची शक्ती अपुरी वाटली. १९०४ मध्ये तेथील लष्कराने शिकागोच्या कत्तलखान्यांत चाचण्या घेतल्या आणि .४५ हून लहान बोअर नको, असा निर्णय दिला. त्यातूनच पुढे १९११ चे प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल आले.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र ब्रिटिशांनी या मतापासून फारकत घेतली. जड रिव्हॉल्व्हरचा धक्का नवख्या शिपायाला पेलत नाही, नेम बसण्यास फार सराव लागतो आणि सरावाला काडतुसे लागतात, असे युद्धकाळात भरती केलेल्या सैन्याच्या अनुभवावरून दिसून आले होते. परिणामी १९३२ मध्ये .३८ बोअरचे हलके एनफिल्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारण्यात आले. शक्ती कमी झाली तरी चालेल, पण शिपायाचा नेम लागला पाहिजे, असा हा व्यवहारी निर्णय होता. शस्त्रेतिहासात या निर्णयावर टीका पुष्कळ झाली असली, तरी तो अविचारी होता असे म्हणता येत नाही.

हिंदुस्थानात या निवडीला एक वेगळे परिमाण होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांच्या हातातील शस्त्रांवर निर्बंध घातलेच होते. त्याखेरीज सरकारी गोळी खाजगी बंदुकीत बसू नये याचीही दक्षता घेतली जाई. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या खाजगी रायफली आयात करण्यावर बंदी आली, तेव्हा इंग्लंडमधील बंदूक-कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशा नव्या बोअर मुख्यतः हिंदुस्थानच्या शिकारी बाजारपेठेसाठी तयार केल्या. पोलिसांच्या हाती .४१० बोअरची मस्केट दिली गेली. मूळच्या लष्करी रायफलीची नळी गुळगुळीत करून तिला स्वतंत्र काडतूस ठरवून दिले होते, म्हणजे ती हिसकावून घेतली गेली तरी लष्करी गोळी तिच्यात उपयोगी पडू नये. बोअर ही येथे राज्यसंरक्षणाची बाब ठरली होती.

क्रांतिकारकांचा साठा

या कडेकोट व्यवस्थेत क्रांतिकारकांना जे मिळेल ते घ्यावे लागे. १९०९ मध्ये चतुर्भुज अमीन यांनी लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे मुंबईस आणली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या त्याच साठ्याशी जोडल्या गेल्या. चपटे, खिशात मावणारे स्वयंचलित पिस्तूल ही त्या काळी नवीन वस्तू होती. लपविण्याची सोय हा तिचा पहिला गुण, गोळीची ताकद त्यानंतर.

याच्या तुलनेत २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्याच्या रॉडा कंपनीचा माल पळविण्यात आला, तो प्रसंग पाहावा. पन्नास माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे, म्हणजे दर पिस्तुलामागे ९२० काडतुसे. काडतुसांचा मोठा भाग पोलिसांनी परत मिळविला, तरीही पुढील काही वर्षे बंगालमधील अनेक घटनांत ही पिस्तुले आढळत राहिली, असे १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालावरून दिसते. असा साठा महाराष्ट्रातील वा उत्तर हिंदुस्थानातील गटांना क्वचितच लाभला. चंद्रशेखर आझाद यांचे प्रयागराज येथील संग्रहालयात असलेले कोल्ट आणि साँडर्सवधात भगतसिंग यांनी वापरलेले, पुढे अनेक वर्षे खानदेशाशेजारील इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात असलेले कोल्ट, ही दोन्ही .३२ बोअरची होत. या काडतुसाची ऊर्जा ९ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाच्या निम्म्याहूनही कमी भरते.

जळगावचे न्यायालय, १९३०

या पार्श्वभूमीवर खानदेशातील सर्वांत महत्त्वाची घटना पाहावयाची आहे. सप्टेंबर १९२९ मध्ये हिंदुस्थान समाजवादी प्रजातंत्र सेनेचे भगवानदास माहौर व सदाशिवराव मलकापूरकर हे झाशीचे दोन तरुण भुसावळ रेल्वेस्थानकावर बॉम्बचे साहित्य व शस्त्रांसह पकडले गेले. भुसावळ हे मोठे जंक्शन, त्यामुळे प्रवासात ते टाळणे कठीण आणि तेथील तपासणीही कडक. मलकापूरकर हे झाशीत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील होते, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाच्या लक्षात नाही.

खटला जळगावच्या सत्र न्यायालयात चालला. लाहोर कटातील माफीचे साक्षीदार जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष यांना साक्षीसाठी जळगावला आणण्यात येणार होते. ही बातमी आझादांपर्यंत पोहोचली आणि मलकापूरकरांच्या वडील बंधूंमार्फत एक पिस्तूल आरोपींपर्यंत गुप्तपणे आले. २१ फेब्रुवारी १९३० रोजी माहौर यांनी या दोघांवर गोळ्या झाडल्या. जयगोपाल जखमी झाला, परंतु दोघेही वाचले.

हे अपयश सामान्यतः दुर्दैवाच्या खात्यावर टाकले जाते. हा खुलासा पुरेसा वाटत नाही. कित्येक महिने कोठडीत असलेला, हातात शस्त्र अचानक मिळालेला, पहाऱ्यात वेढलेला तरुण, अशी ही परिस्थिती होती. ज्या संघटनेत प्रत्येक काडतूस मोजून ठेवावे लागे, तेथे नेमबाजीचा नियमित सराव ही चैनच होती. ब्रिटिश लष्कराने १९३२ मध्ये जो धडा कागदावर उतरविला, तोच येथे न्यायालयाच्या आवारात दिसला, असे म्हणावयास हरकत नाही. मोठ्या बोअरचे पिस्तूल असते तर निकाल बदलला असता, हे गृहीतकही त्यामुळे सैल पडते. पुढे नोव्हेंबर १९३२ मध्ये बेतिया येथे बैकुंठ शुक्ल यांनी याच फणींद्रनाथ घोषला ठार केले, तेव्हा वापरलेले हत्यार धारदार होते. त्याला काडतूस लागत नव्हते.

(माहौर पुढे झाशीत हिंदीचे प्राध्यापक झाले; १८५७ च्या संग्रामाचा हिंदी साहित्यावरील प्रभाव हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. मलकापूरकरांनी आझादांच्या वृद्ध मातेचा अखेरपर्यंत सांभाळ केला.)

स्वातंत्र्योत्तर काळ : तोच कायदा, तीच बोअर

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने आणि १९६२ च्या नियमांनी वसाहतकालीन तत्त्व जवळजवळ तसेच ठेवले. .३८० व .४५५ ची रिमची काडतुसे किंवा लष्करी ९ मिलिमीटर काडतूस ज्यांत चालू शकेल, अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे निषिद्ध बोअरमध्ये गणली गेली. सामान्य नागरिकाला उरली ती प्रामुख्याने .३२. १९८० च्या दशकाच्या मध्यास शस्त्रांची व्यापारी आयात थांबल्यावर जुन्या विलायती शस्त्रांचे भाव वाढले. नंतर कानपूरच्या लघुशस्त्र निर्माणीने जुन्या वेबलीच्या घडणीवर .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. २०१४ मध्ये आलेल्या 'निर्भीक' या हलक्या रिव्हॉल्व्हरची किंमत सुमारे १.२२ लाख रुपये होती. जगात याच काळात .३५७ आणि .४४ मॅग्नमसारखी शक्तिमान काडतुसे रुळली होती, पण भारतीय परवानाधारकाच्या दृष्टीने ती चर्चा पुस्तकी होती. येथे निवड नव्हतीच, त्यामुळे तुलनाही नव्हती. शिवाय .३२ म्हटले तरी रिव्हॉल्व्हरचे रिमचे लांब काडतूस वेगळे आणि स्वयंचलित पिस्तुलाचे वेगळे. एकाचे दुसऱ्यात चालत नाही, हे अनेक खरेदीदारांना शस्त्र घेतल्यावरच समजते. एका वेळी किती काडतुसे बाळगावयाची व वर्षात किती घ्यावयाची, हे परवान्यावर लिहिलेले असते. शेतातील वस्तीवर राहणारा केळीबागायतदार असो वा धुळ्याचा व्यापारी, बहुतेकांचे शस्त्र त्यामुळे सरावाविना कपाटातच राहते.

खानदेशात या विषयाचा आणखी एक पदर आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा तालुक्याच्या सीमेवर, मध्य प्रदेशच्या हद्दीतील उमर्टी हे गाव बेकायदा पिस्तुलांसाठी वारंवार वृत्तपत्रांत येते. यासाठी संपूर्ण शिकलगार समाजाला दोषी ठरविणे अन्यायाचे आहे. धातुकामाचे पिढीजात कौशल्य हाती असलेल्या या समाजाला दुसरी बाजारपेठ कोणी देऊ केली, हा प्रश्न समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी घ्यावयास हवा. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, गावठी शस्त्राची बोअर ताकद पाहून ठरत नाही. जे काडतूस बाजारातून गळते, त्याच्या मापाची नळी घडविली जाते. शस्त्र गावात बनू शकते, काडतूस मात्र बहुधा कारखान्यातूनच यावे लागते.

आणि कारखाने तर याच जिल्ह्यात आहेत. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची, वरणगावची १९६४ ची, म्हणजे चीन युद्धानंतरच्या शस्त्रवाढीच्या काळातील. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन झाले, तेव्हा भुसावळ यंत्र इंडिया लिमिटेडकडे, तर वरणगाव खडकीसह म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. वरणगावात सैन्याच्या ५.५६ व ७.६२ मिलिमीटर रायफलींची काडतुसे तयार होतात. त्याच तालुक्यातील परवानाधारकाच्या .३२ रिव्हॉल्व्हरला त्यांचा उपयोग नाही. अनेक दशके त्याच्या हाती येत राहिले ते खडकीच्या शिक्क्याचे काडतूस, तेही परवान्यावर नोंदवून.