कुंडलिकेचं उन्हाळी पाणी

शिमगा सरला की कोकणातल्या बहुतेक नद्यांचं डबकं होतं. कुंडलिका मात्र भर वैशाखात कोलाडला राफ्टिंगच्या होड्या नाचवते. कारण हे पाणी मुळात कोकणाचं नव्हेच. ते पडतं घाटमाथ्यावर, मुळा नदीच्या खोऱ्यात. त्याच्या मर्जीनं गेलं असतं तर भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळालं असतं.

टाटांनी खोपोली (1915) आणि भिवपुरी (1922) इथं वीजघरं उभारल्यावर मुळशीला धरण बांधलं आणि हे पाणी पश्चिमेला वळवलं. बोगद्यातून, पोलादी नळांतून ते सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला उतरतं. नळाच्या तोंडाशी झोत सुटतो, चाकाच्या कडेला बसवलेल्या वाट्यांवर आदळतो आणि चाकाबरोबर जनित्र फिरतं. उंची एवढी असली की थोड्या पाण्यातही भरपूर वीज निघते. भिरा 1927 मध्ये सुरू झालं. धरणापायी मावळातली गावं बुडाली. सेनापती बापटांचा 1921 चा मुळशी सत्याग्रह त्याविरुद्धच होता. वीज मात्र डोक्यावरच्या तारांवरून थेट मुंबईला गेली. कुंडलिकेकाठच्या रोह्याच्या वाट्याला आलं ते चाक फिरवून झालेलं पाणी, म्हणजे अवजल.

रोह्याला हा सौदा वाईट ठरला नाही. राज्यानं याच अवजलावर 80 मेगावॅटचं आणखी एक वीजघर बसवलं. खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले, उन्हाळी भात पिकू लागलं, धाटावची एमआयडीसीही याच नदीकाठी आली.

खेड्यापाड्यांत दिवे लागायला मात्र 1960 च्या विद्युत मंडळाची वाट पाहावी लागली. 2005 मध्ये त्याची निर्मिती, पारेषण आणि वितरण अशी वाटणी झाली. आज पेणजवळ हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीला रंग देताना तारेचा जम्पर तुटला, की कॉम्प्रेसर थांबतो, स्प्रेगन हातात तशीच राहते आणि सगळे वायरमनच्या वाटेकडे डोळे लावतात. वीज कुठून आली हे तेव्हा कोण विचारतो?

भिऱ्यात आता 150 मेगावॅटचा एक संच उलटाही फिरतो: विजेची मागणी उतरली की खालचं पाणी उपसून परत मुळशीला चढवतो. तेवढं पाणी कुंडलिकेला लगेच मिळत नाही. नदीला कधी आणि किती पाणी, हे पावसाइतकंच विजेची मागणी ठरवते.