खलनायक गातो तेव्हा

मंडळी, हल्लीच्या कार्टून मालिकांमध्ये खलनायकही गातात आणि नातवंडं ती गाणी पाठ करतात. 'स्टीव्हन युनिव्हर्स' या अमेरिकन मालिकेवर २०१९ साली टीव्हीसाठी एक चित्रपट आला. त्यातली स्पिनेल पहिल्या गाण्यात सूडानं थयथयाट करते. पुढच्या गाण्यात कळतं, की मैत्रिणीनं तिला एका बागेत सोडून दिलं होतं आणि ती हजारो वर्षं तिथंच वाट बघत राहिली. राग का आला, हे गाणं सांगतं. आता प्रश्न असा, की आपल्या रंगभूमीवर अशा माणसाला गाणं कधी मिळालं?

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि मराठी नाटक गाऊ लागलं. पण गाणं बहुधा सज्जनांच्या वाट्याला. १९१९चं गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घ्या. सुधाकर काही खलनायक नव्हे, पण घर बुडवतो तोच. तो बुडतो गद्यात. पदं मात्र सिंधूला. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. म्हणून तिचं दुःख आपण ऐकतो आणि त्याचं पतन नुसतं पाहतो.

हे चित्र पालटलं २४ डिसेंबर १९६७ला. 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले वसंतराव देशपांडे, जन्मानं आपल्याच मूर्तिजापूरचे.

कथा तुम्हाला ठाऊक आहे. राजगायकाला कट्यार मिळते आणि तिनं केलेला एक खून माफ असतो. पंडित भानुशंकरांना मागं सारून खाँसाहेब राजगायक होतात. पंडितजींकडे शिकायला आलेल्या सदाशिवाला ते दार बंद करतात.

आता त्यांची पदं ऐका आणि शब्दांकडे लक्ष द्या. हवेलीत पाऊल ठेवताना येतं 'या भवनातील'. इथले जुने, हळवे सूर बाहेर काढा, असा हुकूम आहे तो. जिंकलेल्या माणसाची ही भाषा. पुढे 'घेई छंद'. या एकाच पदाला अभिषेकींनी दोन चाली दिल्या, सालगवराळी आणि धानी. खाँसाहेबांच्या गळ्यात सालगवराळी. शब्दांत आहे फुलातला मध घेणारा भुंगा. भुंग्याला कोणी घराणं विचारत नाही, पण हे पद गाणारा मात्र शिष्याला घराणं विचारतो! आणि 'सुरत पिया की' या रागमालेत हुकूम संपलेला असतो. उरते ती प्रियाचं रूप क्षणभरही विसरता येत नाही, ही कबुली.

हुकूम, मग वर्णन, मग कबुली. संवादात खाँसाहेब अजून ताठ असतात, पण गाण्यातला माणूस आधीच वाकायला लागलेला असतो. ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेत 'ओळख पटण्या'ला मोठं स्थान दिलं, अज्ञानातून ज्ञानाकडे जाण्याला. इथं ती ओळख गळ्याला पटते आणि बुद्धीला उशिरा. म्हणूनच शेवटी सदाशिव समोर असताना ती कट्यार चालत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. काही जण या नाटकाला हिंदू-मुसलमान असा रंग देतात. तो बरोबर नाही. खाँसाहेबांचा दोष धर्मात नाही, अहंकारात आहे. त्यांचीच मुलगी झरीना सदाशिवाच्या बाजूनं उभी राहते. आणि घराण्याचं दार राखणारी ही भूमिका केली कोणी? जे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे आणि लाहोरात असद अली खाँसाहेबांकडे शिकले, त्या वसंतरावांनी.

तेल्हाऱ्यात आज जी मुलं हार्मोनियम शिकतात, त्यांच्या पालकांना एवढंच सांगणं आहे. कोणाकडं शिकायचं आणि कोणाकडं नाही, हे ठरवताना गुरूचं आडनाव विचारू नका. त्याचं गाणं ऐका.