विक्लोरिनीकरण, अवायुजीवी
क्लोरीनयुक्त कार्बनी संयुगांतील क्लोरीन अणू ऑक्सिजनविरहित परिस्थितीत सूक्ष्मजंतूंकडून काढले जाण्याची क्रिया. नद्या, सरोवरे व बंदरे यांच्या तळाशी साचलेल्या दूषित गाळात ती विशेष आढळते.

इतिहास : बहुक्लोरोबायफिनिले (पीसीबी) ही २०९ संयुगांची मालिका असून अमेरिकेत तिचे औद्योगिक उत्पादन १९२९ मध्ये सुरू झाले. उष्णतेने सहजी न बिघडणारी व उत्तम विद्युत् निरोधक असल्याने ही संयुगे रोहित्रे आणि धारित्रे यांत वापरली गेली. त्यांचा हा टिकाऊपणाच पुढे घातक ठरला. न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीकाठच्या फोर्ट एडवर्ड व हडसन फॉल्स येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या धारित्र कारखान्यांतून सु. १९४७ ते १९७७ या काळात ती नदीत गेली. १९७३ मध्ये फोर्ट एडवर्डचे धरण काढल्यावर त्यामागे अडलेला गाळ प्रवाहाबरोबर खाली पसरला. १९७६ मध्ये नदीच्या वरच्या भागातील मासेमारी बंद करण्यात आली, तर १९८४ मध्ये सु. ३२० किमी. लांबीचा नदीपट्टा राष्ट्रीय शुद्धीकरण योजनेत समाविष्ट झाला.

याच गाळाच्या वर्णलेखन पद्धतीने केलेल्या विश्लेषणात एक विसंगती दिसली. मूळ मिश्रणाच्या मानाने त्यात अधिक क्लोरीन असलेली संयुगे कमी, तर एक-दोन क्लोरीन अणू असलेली जास्त होती. जे. एफ. ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याचे कारण अवायुजीवी सूक्ष्मजंतूंची क्रिया हे असल्याचे मांडले. १९८८ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील क्वेन्सन, टीजे व बॉइड यांनी प्रयोगशाळेत ते सिद्ध केले. हडसनच्या गाळातील सूक्ष्मजंतूंनी १६ आठवड्यांत ५३ टक्के क्लोरीन काढून टाकला.

क्रिया : श्वसनासाठी ऑक्सिजन नसल्याने हे जंतू क्लोरीनयुक्त रेणूलाच इलेक्ट्रॉन देतात, क्लोराइड सुटून त्याच्या जागी हायड्रोजन येतो. हे क्षपण होय. मेटा व पॅरा स्थानांवरील क्लोरीन प्रथम जातो. ऑर्थो स्थानावरील बहुधा टिकतो. त्यामुळे डायॉक्सिनासारखी विषारी संयुगे घटतात, परंतु बायफिनिलाचे वलय अभंग राहते. ते फोडण्यास पुढे ऑक्सिजनजीवी जंतूंची गरज लागते.

वाद : नदी आपोआप शुद्ध होत असेल, तर गाळ उपसावा कशासाठी, हा प्रश्न यातून उभा राहिला. कंपनीने उपसण्यास विरोध केला. मात्र क्रिया प्रदूषकाच्या सांद्रतेवर अवलंबून असते व केवळ तिच्यावर विसंबता येणार नाही, असे शासकीय पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत झाले आणि २००२ मध्ये उपसण्याचा निर्णय झाला. २००९ ते २०१५ या दरम्यान २० लाख घ. मी. हून अधिक गाळ काढण्यात आला.

पुढील संशोधन : १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डीहॅलोकॉकॉइडीस हा सूक्ष्मजंतू अलग करण्यात आला. टेट्राक्लोरोएथिलिनाचे निर्विष एथिलिनापर्यंत विक्लोरिनीकरण करणाऱ्या अशा जंतूंचा दूषित भूजलाच्या शुद्धीकरणासाठी उपयोग होतो. गाळासाठी सक्रियित कोळशाच्या कणांवर जंतू बसवून ते तळाशी सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. तळ न खणता विषारीपणा घटविणे हा त्यांचा लाभ असला, तरी गती मंद असते. निसर्गातील या क्रियेने उपाय सुचविला, पण दूषित करणाऱ्याचे उत्तरदायित्व संपविले नाही, हे हडसनच्या इतिहासातून स्पष्ट होते.